दादाचा बसलेला घोडा

दादा गेल्याचं शेजाऱ्यांना कळलं ते मोटार थांबली नाही म्हणून. दुपारी सव्वातीनला पगारेकाकूंचा फोन आला. "शैला, निघ तू लगेच. मधूभाऊंची मोटार साडेतीन तास झाले चालूच आहे, म्हणून आम्ही दार वाजवलं, मग तोडलं…" नाशिकला अंबडच्या कारखान्यांना लागून असलेल्या आमच्या त्या कॉलनीत सगळ्या बिल्डिंगला ठाऊक होतं, की दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतली दादाची ग्राइंडिंगची मोटार दोन तासांच्या वर सलग चालत नाही. दोन तास झाले की तो बटण बंद करणार, हात पुसणार आणि आतल्या खोलीत जाणार. आत जायचं कारण दोन वर्षांपूर्वी आईबरोबरच संपलं होतं. तरी मोटार वेळेवर थांबायची. काकू त्यावर कुकर लावायच्या.

येवल्याहून नाशिकला एसटीने दोन तास लागतात. त्या दिवशी खिडकीशी बसून मी रडत होते असं वाटेल, पण मी खरं म्हणजे एक अगदी साधी गोष्ट पहिल्यांदाच लक्षात आल्यासारखी घोकत होते. यायला दोन, जायला दोन. म्हणजे दादा माझ्या घरी येऊच शकत नव्हता. मी मात्र दर दिवाळीला "तुला बहिणीचं घर दिसत नाही का रे?" म्हणून त्याला टोमणे मारत आले. तो हसायचा आणि म्हणायचा, "तूच ये ना, तू कायम घोड्यावर बसलेलीच असतेस." ते खरं होतं. मी सकाळच्या गाडीने जायची, आईच्या उशाशी तासभर बसायची आणि दुपारच्या गाडीने परत.

आज सात आठवडे झाले. आता सांगते तो कोण होता ते. मधुकर, माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले, तेव्हा तो अंबडमधल्या एका टूलरूममध्ये सरफेस ग्राइंडरवर लागला आणि वीस-बावीस वर्षं तिथेच राहिला. लोखंडाचा केसाहून बारीक थर कसा काढायचा, हे त्याच्या बोटांना कळायचं. त्याने मला शिकवलं, माझं लग्न करून दिलं, येवल्याच्या पैठणी विणणाऱ्या घरात. स्वतःचं राहून गेलं. विचारलं की म्हणायचा, "बघू." मग आईला अर्धांगवायू झाला, उजवी बाजू गेली, आणि बघण्यासारखं काही उरलंच नाही. डॉक्टरांनी त्याला एकच गोष्ट बजावून सांगितली होती, की दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतील. दादाने ते कंपनीतल्या सूचनेसारखं घेतलं. नोकरी सोडली. दोन बाया ठेवून पाहिल्या, पण दुसऱ्या कुणी हात लावला की आई ओरडायची, घास थुंकायची. पगारेकाकू तासभर बसू शकत, त्याहून जास्त नाही. अकरा वर्षं आई अंथरुणावर होती आणि अकरा वर्षांत तिच्या पाठीला एक जखम झाली नाही. हे लिहायला सोपं आहे. दिवसाला बारा वेळा, असं अकरा वर्षं… मी कधी गुणाकार करून पाहिलेला नाही.

चिनी जेडचं वेड त्याला या दोन तासांतून लागलं. जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर त्याला एक जाडजूड, कव्हर फाटलेलं इंग्रजी पुस्तक मिळालं, कुठल्याशा परदेशी संग्रहालयातल्या जेडच्या वस्तूंचं. मुठीएवढे प्राणी आणि लहान मुलं. शब्दकोश घेऊन तो एकेक पान लावायचा. फोनवर मला म्हणाला, "शैला, हे लोक जेड कोरत नाहीत गं, झिजवतात. छिन्नी लागतच नाही त्याला, इतका कठीण दगड. वाळू आणि पाणी लावून घासत बसायचं. म्हणजे हे तर माझंच काम." लगेच गॅलरीत एक जुनी मोटार बसली, टूलरूममधून फेकून दिलेली हिऱ्याच्या कणांची झिजलेली चाकं आली, आणि पाण्याच्या थेंबासाठी आईच्या सलाईनची रिकामी बाटली नळीसकट गॅलरीच्या गजाला लटकली. जेड काही आपल्याला मिळणार नव्हतं. चांदवडकडच्या एका खडीच्या खाणीवर त्याचा जुना सोबती होता, तो हिरवट गारगोट्या आणून द्यायचा. दादा त्या गॅलरीत, तीन फूट रुंद जागेत, लोखंडी जाळीच्या आत, गुडघे बाकाला टेकवून बसायचा आणि आतून आईचा आवाज यायचा. "मधू, आला का रं?" तो म्हणायचा, "इथंच हाय गं." आईशी बोलताना त्याची भाषा तिच्या गावची व्हायची.

ते पुस्तक मी पहिल्यांदा चाळलं तेव्हा मला ते प्राणी आवडले नव्हते. एकही उभा नाही. घोडा, म्हैस, कुत्रा, बदक, सगळे पाय पोटाखाली घेऊन, मान वळवून पाठीवर टेकवून बसलेले. मी म्हटलं, "सगळे अडकलेत बिचारे." दादा म्हणाला, "अडकले नाहीत, मावलेत. दगड महाग. तो जेवढा असेल तेवढ्यातच जनावर बसवायचं. पाय बाहेर काढायला गेलं तर आजूबाजूचा सगळा दगड वाया जातो आणि पायही मोडतो." मग त्याने एक बदक माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "उलटं करून बघ." खाली, पोटाला चिकटलेली दोन पावलं होती, बोटांमधल्या पडद्यासकट. मी म्हटलं, "हे कोण बघणार?" तर म्हणाला, "चिनी कारागीर वस्तूचं पोटही तेवढ्याच निगुतीनं करायचे. उलटी करून बघितल्याशिवाय वस्तू बघितली असं होत नाही." मी ते बदक पुन्हा सरळ ठेवलं आणि चहा टाकायला गेले. माझी गाडी होती.

पण त्या पुस्तकातली एक गोष्ट आम्हा दोघांना फार भावली. चिनी भाषेत वटवाघूळ आणि भाग्य यांचा उच्चार एकच, मासा आणि सुबत्ता यांचा एकच. म्हणून वटवाघूळ घडवायचं आणि म्हणायचं, भाग्य दिलं. कमळ धरलेलं मूल द्यायचं, म्हणजे मुलांमागून मुलं होवोत, कारण कमळ आणि 'लागोपाठ' हे शब्द सारखे. घोड्यावर माकड बसलेलं असेल तर लगेच बढती, कारण त्यांच्याकडे माकड आणि सरदार यांचा उच्चार एकच, आणि 'घोड्यावर' म्हणजेच 'लगेच'. दादा म्हणाला, "मराठीत होईल का असं?" आणि आमचा खेळ सुरू झाला. आमच्या कॉलनीतले एक कंडक्टर येवल्याच्या गाडीवर असत. त्यांच्याबरोबर औषधाच्या खोक्यात, कापसात गुंडाळून काहीतरी यायचं आणि मी ओळखायचं. पहिल्यांदा मासा आला. मी फोन करून विचारलं, "आईची तब्येत तोळामासा का?" तो खूश. मी महिनाभर फोन केला नाही तेव्हा खार आली, म्हणजे माझ्यावर खार खाऊन आहेस का? आमच्या ह्यांनी क्रिकेटवर मोठ्या बाता मारल्या आणि आपला संघ सामना हरला, तेव्हा त्यांच्या नावाने पोपट आला. ह्यांनी तो मागावर ठेवला आणि म्हणाले, "आमच्या पदरावरच्या पोपटांपेक्षा हा फार हुशार दिसतो." अशी बोलणारी जनावरं आमच्या कपाटात जमत गेली.

मूल मात्र त्याने एकच केलं. आईची उजवी मूठ इतकी घट्ट मिटली होती, की नखं तळव्यात रुतायची. व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाईंनी मुठीत कापडाची गुंडाळी ठेवायला सांगितली. दादाने तिच्या मुठीचं माप घेतलं, टूलरूममध्ये घेतात तसं, आणि त्या मापाचं एक मूल घडवलं. पालथं निजलेलं, कमळाच्या पानावर गाल टेकवलेलं, कुठेही टोचणार नाही इतकं गुळगुळीत. ते आईच्या मुठीत बसलं आणि मग तिथेच राहिलं. आंघोळ घालताना काढलं की आई विचारायची, "बाळ निजलंय का रं?" दादा म्हणायचा, "निजलंय." मला ते ऐकवायचं नाही. मी तोंड फिरवून काहीतरी आवरायला घ्यायची.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं ते लिहिते. नऊ वर्षांपूर्वी दादाला कळलं, की मुंबईच्या संग्रहालयात खऱ्या चिनी जेडच्या वस्तू ठेवलेल्या आहेत. त्याने आयुष्यात माझ्याकडे एकच गोष्ट मागितली असेल तर ती ही. "शैला, एक दिवस येशील? सकाळच्या गाडीनं जातो, संध्याकाळी परत. फक्त बघून येतो. दगडाच्या आतला उजेड कसा दिसतो तेवढंच बघायचंय, फोटोत ते कळत नाही." मी म्हटलं, "त्यात काय, येते की." पहिल्या वेळी लग्नसराईच्या ऑर्डरी होत्या. दुसऱ्या वेळी सासूबाई पडल्या. तिसऱ्या वेळी काहीही नव्हतं. मी त्याला सांगितलं, कणकण आहे. कणकण नव्हती. मला आईला उचलून कुशीवर करण्याची भीती वाटत होती, आणि त्याहून खरं सांगायचं तर किळस वाटत होती. त्या खोलीचा वास, आईचं जड, अनोळखी झालेलं अंग. ज्या बाईने मला न्हाऊ-माखू घातलं तिची मला किळस वाटली. हे मी ह्यांनाही सांगितलेलं नाही. दादाला मी काही बोलले नाही, पण त्याला कळलं असणार. त्यानंतर त्याने विचारणं बंद केलं.

पुढच्या महिन्यात खोकं आलं. त्यात घोडा होता. पोपटी रंगाचा, पाठीवर गारगोटीची तपकिरी साल तशीच ठेवून तिची आयाळ केलेली, मान मागे वळलेली, पाय पोटाखाली. त्याने केलेल्यांतला सगळ्यांत सुंदर. मी फोन लावला आणि हसत म्हटलं, "कळलं, कळलं. मी कायम घोड्यावर बसलेली असते, म्हणून ना? पण तुझा घोडा मात्र निवांत आहे हं." दादा हसला. "बरोबर ओळखलंस," म्हणाला. मी तो घोडा काचेच्या कपाटात मधोमध ठेवला. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला. नऊ वर्षं तो तिथे होता आणि मी कधी झटकण्यापलीकडे त्याला हात लावला नाही.

आई गेली तेव्हा मूठ उघडेना. नातेवाईक म्हणाले, दगड काढा. तोंडात तुळस ठेवून झाली होती, सोन्याचा मणी ठेवून झाला होता, आणि दादा शांतपणे म्हणाला, "राहू द्या तिच्याजवळ." नंतर मला त्याने सांगितलं, की चिनी लोक पूर्वी मेलेल्या माणसाच्या मुठीत जेडचं डुक्कर ठेवत. रिकाम्या हाताने कुणी जाऊ नये म्हणून. दुसऱ्या दिवशी अस्थी सावडताना राखेत ते मूल सापडलं, पांढरंफटक पडलेलं, दोन तुकडे झालेलं. दादाने ते अस्थींबरोबरच गोदावरीत सोडलं. मला वाटलं, आता सुटला हा.

गेल्या वर्षी मीच हट्ट केला. "चल, मी येते तुझ्याबरोबर. दोन तिकिटं काढली आहेत." नाशिकरोडला गाडीत बसलो तेव्हा तो नवा शर्ट घालून आला होता आणि ते फाटकं पुस्तक पिशवीत होतं. देवळालीपर्यंत बोलत होता. मग घड्याळ बघायला लागला. इगतपुरीला गाडी थांबली, घरून निघून दोन तास झाले होते, आणि दादा उठून उभा राहिला. मी विचारलं, "कुठे?" म्हणाला, "आईची कूस…" आणि स्वतःच थांबला. चेहरा असा झाला होता, की मी पिशवी घेतली आणि त्याच्या मागोमाग खाली उतरले. गाडी निघून गेली. बाकावर बसून आम्ही चहा प्यायलो. तो म्हणाला, "मला माहितीये गं, ती नाहीये. पण पायांना माहीत नाही." मी म्हटलं, "सवय आहे दादा, जाईल हळूहळू. पुढच्या वेळी…" त्याने माझा हात थोपटला, मी लहान असताना थोपटायचा तसा. "राहू दे, शैला. मी आता मावलोय." परतीच्या गाडीत त्याने मला घोटीजवळचे डोंगर दाखवले आणि माझी धाकटी लेक आता काय करते ते विचारलं. अगदी नेहमीसारखा होता.

तो गेल्यावर तेराव्यानंतर मी गॅलरी आवरायला घेतली. सलाईनची बाटली अजून गजाला होती, तळाशी पाणी. बाकावर एक गारगोटी अर्धी झिजवलेली, ती काय होणार होती ते मला ओळखता आलं नाही. आणि ते पुस्तक. प्रत्येक चित्राशेजारी त्याने पेन्सिलीने लिहिलं होतं, टूलरूममध्ये कामाच्या जॉबकार्डावर मिलिमीटरमध्ये मापं लिहितात तसं. माशाशेजारी, "लांबी ४४. शैलाला. लगेच ओळखलं." खारीशेजारी, "शेपूट दोनदा तुटली. ओळखलं. रागावली." मी हसत होते. पानं उलटत बसलेल्या घोड्यापाशी आले. तिथे लिहिलं होतं, "लांबी ५२. शैलाला. घोडं अडलंय. उलटा करून बघेल तेव्हा पुढचं कळेल." आणि त्याखाली, नंतर केव्हातरी, वेगळ्या पेन्सिलीने लिहिलं होतं, "दुसरा अर्थ लावला. तोही खराच."

घोडं कुठे अडलंय, हे आपण दिवसातून दहा वेळा म्हणतो. आणि ज्याचं खरंच अडलं होतं त्याने ते दगडात लिहून पाठवलं, तर मला त्यात फक्त मीच दिसले. दादाने फोनवर दुरुस्त केलं असतं तर मी रडले असते, धावत गेले असते, कदाचित. पण त्याने दुरुस्त केलं नाही. मला लाज वाटू नये म्हणून असेल. नाहीतर त्याला खेळाचा नियम मोडायचा नसेल. मला आता कुणी सांगणार नाही.

ते पुस्तक मांडीवर घेऊन मी दोन तास एसटीत बसले. घरी पोचल्यावर चपला न काढता कपाट उघडलं. घोडा हातात घेतला तेव्हा थंड होता आणि वाटलं होतं त्यापेक्षा जड. उलटा केला. तीन पाय पोटाखाली नीट दुमडलेले, खूर एकावर एक. चौथा, पुढचा उजवा, दुमडलेला नव्हता. खूर सपाट जमिनीला टेकवलेला, गुडघा उचललेला, आणि खांद्याचा स्नायू ताणलेला, अंगठ्याने चाचपला तर कळेल एवढाच. वरून तो पाय दिसत नाही, मान त्यावर आलेली आहे. नऊ वर्षं माझ्या कपाटात तो घोडा उठायच्या तयारीत होता आणि मी सगळ्यांना सांगत होते, बघा किती निवांत बसलाय.

मी त्याला परत काचेमागे ठेवलं नाही. स्वयंपाकघरातल्या खिडकीत ठेवलाय, आडवा, तो पाय दिसेल असा. ह्यांनी एकदा विचारलं, पडलाय का हा? मी म्हटलं, नाही, असाच ठेवलाय. मग काम करताना लक्ष जातं आणि मी ओल्या हातानेच त्याला दुसऱ्या कुशीवर करते. दिवसातून किती वेळा ते मोजत नाही. तेव्हा हे माझ्याच्याने झालं नव्हतं.